साचे घडवणारे हात इतिहासात कुठे?

महोदय,

नाशिकच्या सातपूरमधील एका कुटुंबाच्या प्लास्टिक कारखान्याची तीन पिढ्यांची वाटचाल सांगणारा आपल्या रविवारच्या अंकातील लेख आवडला; पण त्यात साचे घडवणारा कारागीर कुठेच दिसला नाही, याचे वाईट वाटले.

या धंद्यात मशीन विकत मिळते, प्लास्टिकचा दाणा म्हणजे कच्चा मालही विकत मिळतो. माल चांगला की वाईट, हे ठरते साच्यावर. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पुढे सातपूर-अंबडला मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असे घरचे उद्योग त्यांच्या आधाराने वाढले. तेव्हा संगणकावर चालणारी यंत्रे नव्हती. साच्याच्या एका भागाला निळा रंग लावायचा, दुसरा त्यावर दाबायचा, रंग जिथे उमटेल तेवढेच कानशीने घासायचे. दोन्ही भाग तंतोतंत बसेपर्यंत हेच चाले. मालाच्या कडेला केसाएवढी जरी फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून निघालेली प्लास्टिकची जादा कड, आली, तरी साचा पुन्हा टेबलावर. उमेदीची सारी वर्षे मी हेच काम केले.

आज जुने साचे किलोच्या भावाने भंगारात जातात आणि त्यांची ड्रॉइंगही रद्दीत. मालकांनी निदान पहिला साचा, त्याचे ड्रॉइंग आणि जुने हजेरीपट जपावेत. ‘निमा’सारख्या नाशिकच्या उद्योजकांच्या संघटनेने ते एकत्र ठेवायला जागा द्यावी. टूलरूममधले, म्हणजे साचे घडवण्याच्या विभागातले, जुने लोक अजून नाशिकमध्येच आहेत. आपल्या प्रतिनिधीने त्यांनाही भेटावे, ही विनंती.

– एक निवृत्त टूलरूम कारागीर, सिडको, नाशिक