वारं सुटायच्या आत: पवनाकाठच्या आप्पांना

आदरणीय आप्पा,
सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ते तुमच्यापर्यंत नातीच्या मोबाइलवरूनच पोचणार आणि ती मोठ्याने वाचायला लागली की पडवीतले सगळे ऐकणारच आहेत. शिवाय आमच्या पोहण्याच्या बॅचमधल्या बायका पवना धरणाच्या पाण्यावर पॅडलबोर्डवर उभं राहून वल्हवून आल्या हे कळल्यापासून रोज कोणीतरी विचारतंय: कसं ठरवलंत, कोणाला विचारलंत, बोर्ड कुठून आणलेत? बोर्डाचं सांगणं सोपं आहे, ते भाड्याने मिळतात. बाकीचं सगळं तुमचं, म्हणून ते तुमच्या नावानेच सांगते.

दिवाळीनंतर जागा बघायला आलो तेव्हा तुम्ही काठावर जाळं विणत बसला होता. आम्ही उत्साहाने सांगत सुटलो: चिंचवडहून आरामात निघायचं, वाटेत कामशेतला नाश्ता, समोर तुंग किल्ला दिसेल अशी जागा, फोटो, जेवण. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "पाण्यात किती वाजता जाणार?" दहा-साडेदहा, आम्ही म्हणालो. तुम्ही सुई दोऱ्यात अडकवून ठेवलीत आणि म्हणालात, "दहाला वारं सुटतं. दहाला बाहेर यायचं असतं."

त्या एका वाक्याने आखणीचं तोंडच फिरलं. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुकं असतं, त्यात उतरायचं नाही, कारण तराफेवाल्याला आपण दिसत नाही आणि आपल्याला काठ. ते साडेसात-आठला उठतं. मग ऊन चढतं, जमीन तापते आणि घाटाकडून पश्चिमेचं वारं यायला लागतं. मधले दोन तास काय ते आपले. त्या दोन तासांच्या मागे-पुढे बाकीचा दिवस बसवायचा. त्यामुळे घरून पाचच्या आत निघणं आलं, बोर्ड फुगवण्यासाठी अर्धा-पाऊण तास आधी पोचणं आलं आणि नाश्ता गेला पाण्यातून बाहेर आल्यानंतर. नाश्ता पुढे ढकलल्यावरून बॅचमध्ये जेवढा वाद झाला तेवढा पाण्याच्या भीतीवरून झाला नाही, हेही सांगून टाकते.

वाऱ्याचं एवढं का, हे मला नंतर नीट कळलं. हवा भरायचा पॅडलबोर्ड असतो साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, सहा इंच जाड, आणि वजन जेमतेम नऊ-दहा किलो. एवढी हलकी वस्तू पाण्यात रुततच नाही, वर तरंगत राहते. तिच्यावर माणूस उभं राहिलं की त्याचं अंगच शीड होतं. पवनेचा जलाशय पूर्व-पश्चिम पसरलेला, भिंत पूर्वेला पवनानगरच्या बाजूला. पश्चिमेचं वारं लागलं की थकलेला माणूस आपसूक भिंतीच्या दिशेला सरकत जाणार, म्हणजे जिथे जायला मनाई आहे नेमका तिकडेच. म्हणून तुम्ही म्हणालात, जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना ते पाठीशी असू द्या. ताजेपणी कष्ट आणि दमल्यावर मदत, हा हिशोब आम्हाला लगेच पटला.

जागेचंही तसंच. आम्ही निवडलेली जागा देखणी होती, मोकळी, समोर तुंगचा सुळका, शेजारी तंबूंची रांग. तुम्ही तिकडे पाहिलंतही नाही. टेकडीच्या आडोशाला आत शिरलेला पाण्याचा एक अरुंद फाटा दाखवलात, गवताचा उतार, दोन आंब्याची झाडं, फोटोत घेण्यासारखं काही नाही. पण तिथे उतार अंगणासारखा हळू होता आणि टेकडीमुळे वारं अर्ध्या तासाने उशिरा पोचत होतं. तिथूनही तुंग दिसतोच, फक्त कडेने. फाट्याच्या तोंडापर्यंत जायचं आणि तिथूनच वळायचं, मोकळ्या पाण्यात कोणी गेलं तर पुढच्या वेळी यायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. बॅचमधल्या धीट मंडळींना ते तेव्हा जाचक वाटलं. मला तो सगळ्यात शहाणा नियम वाटतो, कारण नवख्यांच्या सहलीत "अजून थोडं पुढे" म्हणणारं एक तरी माणूस असतंच.

मग तुम्ही पाण्याखालचं सांगायला लागलात, आणि मी वहीत लिहायचं थांबले. हातातल्या काठीने तुम्ही दाखवत गेलात: इथून तिथपर्यंत खाचरं, मध्ये दगडी बांध, त्या कोपऱ्यात तोडलेल्या झाडांचे बुंधे, पलीकडे विहीर. धरण १९७२ च्या सुमाराचं. तुम्ही तेव्हा शेळ्या राखणारं पोर होता आणि ही सगळी जमीन तुम्ही पायाने तुडवलेली. म्हणून कुठे कमरेएवढं पाणी आहे आणि कुठे एकदम खोल, हे तुम्हाला बघावं लागत नाही. आम्हाला ते कामाचं होतं, कारण बोर्डावरून पडणं ठरलेलंच असतं आणि उथळ पाण्यात बुंध्यावर पडणं वाईट. कमरेएवढ्या पाण्यापर्यंत गुडघ्यांवर बसूनच जायचं, बांधाची रेघ ओलांडल्यावरच उभं राहायचं, हे तिथेच ठरलं.

पण आप्पा, ते ऐकताना मला आमचा नळ आठवला. सुमारे ८.५ टीएमसीचं, म्हणजे साडेआठ अब्ज घनफुटांचं, हे धरण. त्यातलं पाणी नदीत सुटतं, रावेतला उचललं जातं, निगडीला शुद्ध होतं आणि आमच्या स्वयंपाकघरात येतं. पाणी एक दिवसाआड झालं की आम्ही कुरकुरतो. आणि ज्यांच्या जमिनी त्याच्याखाली गेल्या त्यांतली कित्येक घरं पुनर्वसनाच्या जमिनीसाठी अजून कचेऱ्यांचे उंबरे झिजवताहेत. तुम्ही यावर एक शब्द बोलला नाहीत. विहीर दाखवलीत आणि पुढचा बुंधा कुठे ते सांगायला लागलात. मी मात्र ते इथे लिहिणार होते, लिहिलं.

जाळ्यांचं तुम्ही सांगितलं नसतं तर आमच्या ध्यानीमनीही आलं नसतं. रात्री टाकलेली जाळी सकाळी उचलतात, वर खूण म्हणून रिकाम्या बाटल्या तरंगत असतात. बोर्डाच्या मागच्या टोकाखाली वीतभर पंख असतो, तो जाळ्यात अडकला तर आपण तोंडावर आपटतो हे एक, आणि कोणाची तरी रात्रभराची चिलापी मासळी आणि फाटलेलं जाळं हे दुसरं. तुम्ही दुसऱ्याचाच विचार आधी केलात. चार घरी जाऊन सांगितलंत की अमुक सकाळी बायका येणार आहेत, या फाट्यात जाळं टाकू नका. आमच्या हौसेसाठी त्यांनी एक रात्र जागा सोडली. त्यांचेही आभार तुमच्याकरवी. पोलीस पाटलांना आधी कळवायला लावलंत तेही बरं झालं. तलावावर बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, बंदीचे आदेश निघतात, आणि काठावर अनोळखी गर्दी दिसली की गावाला घोर लागतो.

त्या सकाळचं सगळं लिहीत नाही, तुम्ही होताच. थोडं मात्र राहवत नाही. पंप मारताना आमचे हात गळाले. काट्यावर हवेचा दाब १५ पीएसआय यायला हवा आणि शेवटचे तीन-चार सगळ्यात जड. तुम्ही अंगठ्याने बोर्ड दाबून "अजून मऊ आहे" म्हणायचात आणि काटा तेच दाखवायचा! फुगवलेले बोर्ड आंब्याखाली ओढून ठेवायला लावलेत, उन्हात आतली हवा फुगते म्हणून. वल्हं आपल्या उंचीपेक्षा वीतभर लांब हवं आणि त्याचं पातं पुढच्या बाजूला झुकलेलं, हे आमच्यातल्या शिकून आलेल्या एकीने सांगितलं. पण भाड्याच्या लाइफ जॅकेटांची परीक्षा तुम्हीच घेतलीत. एकेकीचे खांदे धरून जॅकेट वर ओढलंत. कानापर्यंत आलं की नापास. दोन बाद झाली, एकाचं बक्कल मोडकं निघालं. तिघी आलटून पालटून गेल्या. कोणी रुसलं नाही, कारण काठावर लक्ष ठेवायलाही माणूस लागतंच, शिट्टी गळ्यात घालून.

आणि आमची सगळ्यात भित्री मैत्रीण, जी टाकीत चौथ्या लेनच्या दांडीला धरून पोहते, ती गुडघ्यांवर बसून राहिली होती. घोट्याला दोर बांधलेला, बोर्ड कुठे जाणार नव्हता, तरी तिचे डोळे पायांवरून हलेनात. तुम्ही तराफ्यावरून ओरडलात, "खाली काय बघताय बाई, पाणी आहेच तिथं. तुंगकडं बघा!" ती हसली, एक पाय टेकवला, मग दुसरा, आणि नजर सुळक्यावर लावून उभी राहिली. नंतर दोनदा पडलीही. पडताना बोर्डापासून लांब, सपाट पडायचं आणि मधला पट्टा धरून पोटावर वर यायचं, हे तिला तोवर जमायला लागलं होतं. पाणी हवेपेक्षा कोमट होतं, त्यामुळे पडण्याची भीती निम्मी तिथेच गेली.

पावणेदहाला झाडाची पानं हलली आणि तुम्ही हात वर केलात. सगळ्या मुकाट परतल्या. सव्वादहाला फाट्याबाहेर पाण्यावर सुरकुत्या उठलेल्या दिसत होत्या आणि आम्ही तुमच्या घरच्या आक्कांच्या चुलीशी पिठलं-भाकरी खात होतो. ताटाचा भाव आक्कांनी आधीच सांगितला होता आणि तुम्ही तराफ्याच्या सकाळचा. ते मला फार आवडलं. "असू द्या, असू द्या" म्हणत फुकट केलं असतंत तर दुसऱ्यांदा हक्काने बोलावता आलं नसतं.

एक तक्रार मात्र आहे. आमची जॅकेटं ओढून बघणारे तुम्ही स्वतः थर्माकोलच्या तराफ्यावर नुसत्या बंडीत बसता. "मला कशाला, मी इथलाच" हे उत्तर मी मानत नाही. फेब्रुवारीत पुन्हा यायचं चाललंय, पाणी तोवर आणखी उतरलेलं असेल, तेव्हा बांध कुठे वर आलेत ते आधी विचारून घेईन. येताना तुमच्यासाठी जॅकेट आणतेय. छातीचं माप आक्कांनी कळवावं. तुम्ही काही सांगणार नाही.

आपली,
चिंचवडच्या सकाळच्या बॅचमधली, वहीवाली