जेजे पाहून आले, बाबा

डोंबिवली,
रविवार, दुपारी

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

आई, हे पत्र तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव आणि मध्येमध्ये पदरचं घालू नकोस. फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं ते ऐकून घेत नाहीत, म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

मंगळवारी फोर्टात बँकेचं ट्रेनिंग होतं, ते दोनलाच आटोपलं. व्हीटीकडे चालत येताना मनात आलं, वीस वर्षं या स्टेशनातून ये-जा करतेय आणि इथून चार पावलांवरच्या जेजेत, त्या चित्रकलेच्या कॉलेजात, एकदाही गेले नाही. मुलांचं वार्षिक प्रदर्शन लागलं होतं, त्यामुळे आत सोडायला कुणी ओळख विचारणार नव्हतं. शिरले.

बाबा, फाटकातून आत गेलं की डी. एन. रोडचा गोंगाट एकदम मागे पडतो. मोठमोठी झाडं, पाचोळा आणि काळ्या दगडाची, टोकदार कमानींची ती इमारत. १८७८ साली शाळा या इमारतीत आली, हे तुमच्याच तोंडून ऐकलेलं. पलीकडे तो लाकडी हिरवा बंगला. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ साली याच आवारात झाला, त्याचा अर्धपुतळाही आहे तिथे. वडील लॉकवुड किपलिंग इथे शिल्पकला शिकवायला आले होते. मला त्या पोराचं कौतुक नाही फारसं. बापाचं आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची ती शेतकऱ्यांची आणि मालाची दगडी चित्रं त्यांची. पिशवीत मेथी कोंबून शंभरदा गेले असेन त्यांच्या खालून, मान एकदाही वर केली नाही.

एका स्टुडिओचं दार उघडं होतं. खूप उंच छत, वरून येणारा सारखा उजेड, कोपऱ्यात प्लास्टरचे ग्रीक पुतळे, एकाचं नाक उडालेलं. मधे स्टुलावर एक म्हातारा मॉडेल म्हणून बसला होता, अंगात बंडी, खांद्यावर पंचा. समोर सात-आठ मुलं त्या बुटक्या बाकांवर, घोड्यावर बसल्यासारखी. त्या बाकाला 'डाँकी' म्हणतात, हेसुद्धा तुम्हीच सांगितलं होतं. म्हाताऱ्याला डुलकी लागली आणि मान हळूहळू डावीकडे कलली. कुणी हाक मारली नाही. एका मुलीने हातातला कोळसा खाली ठेवला आणि दुसऱ्याने फक्त छत्रीच्या दांड्याने स्टुलाच्या पायाला टक् केलं. म्हाताऱ्याने डोळे न उघडताच मान जागेवर आणली, अगदी होती तिथे. मुलगी पुन्हा कानाच्या पाळीला लागली. त्या एका पाळीवर ती दहा मिनिटं होती, बाबा. मी घड्याळ बघत होते, कारण ४.१० ची फास्ट चुकत होती.

चुकवली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवात जुन्या शिक्षकांनी बोलावं म्हणून त्यांनी तुम्हाला बोलावलं आणि तुम्ही नाही म्हणालात, हे आईने सांगितलं. कारणही सांगितलं. "मी ड्रॉइंग मास्तर. गणिताचे, सायन्सचे बोलतील, त्यांची पोरं अमेरिकेत आहेत. माझ्या हातून कोण घडला?"

तुमच्या वर्गात फळ्याच्या वर एक पुठ्ठा टांगलेला होता, आठवतो? काळा पोस्टर कलर, चपटा ब्रश. 'सर ज. जी. कला महाविद्यालय, मुंबई. स्थापना १८५७.' खाली दोन रकान्यांत नावं. बंड झालं त्याच साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत चित्रकलेचे वर्ग सुरू झाले, बंड मोडलं पण वर्ग टिकले, हा तुमचा दरवर्षीचा विनोद. पाचवी ते आठवी मी तो पुठ्ठा वाचत काढली. (चित्र काढायला हवं होतं हे मान्य. सहामाहीत स्वतःच्या मुलीला चाळीसपैकी बावीस देणारे मास्तर जिल्ह्यात दुसरे नसतील.)

पहिलं नाव हळदणकरांचं. ते पहिलं का, हे आपल्या माजघरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ठाऊक आहे. दिवा घेतलेल्या बाईच्या तसबिरीकडे बघून पाहुणा म्हणणार, "वा, रवी वर्मा!" की तुम्ही पान चघळायचं थांबवून, "न्हय. तां आमच्या वाडयेच्या हळदणकरांचा." मग आईने आतून ओरडून पुढचं पुरं करायचं, की मॉडेल त्यांची स्वतःची मुलगी, चित्र जलरंगातलं, आणि अस्सल चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये. सावळाराम हळदणकर सावंतवाडीतून जेजेत गेले, १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि पुढे आयुष्यभर पोरांना शिकवत राहिले. शेवटचा भाग तुम्ही पाहुण्यांना कधी सांगत नव्हतात.

मग धुरंधर. कोल्हापूरचे, आईच्या माहेरचे, म्हणून त्या नावावर घरात दोघांचा हक्क. तुमच्या ट्रंकेत त्यांच्या आठवणींचं जे फाटकं पुस्तक आहे, त्याच्या नावातच 'एक्केचाळीस वर्षे' आहेत. ती वर्षं चित्रं रंगवण्याची नव्हेत, ती जेजेच्या आवारातली. १८९० ला विद्यार्थी म्हणून आले, १८९६ पासून शिक्षक, १९३१ ला निवृत्त. शेवटी शेवटी काही काळ शाळेचा कारभारही त्यांच्याकडे होता. म्हणजे पस्तीस वर्षं माणूस रोज वर्गावर गेला. पुठ्ठ्यावर तुम्ही कंसात 'चित्रकार' लिहिलं होतं.

म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' ही मूर्ती विद्यार्थिदशेतली, प्लास्टरमधली, हे वाचून आम्हा मुलींना आपण आठवीत असून काहीच केलं नाही असं व्हायचं. शिल्पकार करमरकर तर तुम्ही सहलीत दाखवलेच. सासवण्याच्या त्यांच्या घराच्या आवारातली म्हैस खरी समजून आमच्यातल्या एकीने तिच्यापुढे गवत धरलं होतं. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्या मुलाने शिवाजी महाराज काढले, ते कलेक्टर रॉथफील्डच्या नजरेस पडले आणि त्याने त्याला जेजेत धाडलं. पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ पुतळा त्याच हातचा. एसटीत तुम्ही ही गोष्ट सांगितलीत तेव्हा ड्रायव्हरसुद्धा आरशातून बघत होता. त्या गोष्टीतला कलेक्टर मला तेव्हा कंटाळवाणा वाटायचा. आता वाटतं, त्याने भिंत खराब केली म्हणून दोन थपडा मारून सोडलं असतं तर?

आबालाल रहिमान मात्र पुठ्ठ्यावर मागाहून आले, वेगळ्या शाईत. जेजेतून व्हाइसरॉयचं पदक घेऊन ते कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या पाण्यावर पडलेला उजेड रंगवत बसले. आई म्हणते, तिच्या आजोबांच्या वेळचे लोक त्यांना थोडे खुळेच समजत.

दुसरा रकाना तुमच्या मते बिघडलेल्यांचा, म्हणजे आधुनिक चित्रकारांचा. सूझा गोव्यातल्या सालिगावचे, १९४२ च्या चळवळीच्या पायी शाळेने काढून टाकलेले. रझा. तय्यब मेहता. गायतोंडे. गायतोंड्यांचं चित्र २०१५ साली मुंबईच्या लिलावात २९ कोटींच्या वर गेलं, तेव्हा तुम्ही पेपरातलं कात्रण कापून ठेवलंत आणि म्हणालात, "ह्येत काय दिसता तां मात्र माका कोणी सांगूक नाय." बाबा, त्या माणसाने दिल्लीत निजामुद्दीनच्या गच्चीवरच्या छोट्या खोलीत वर्षानुवर्षं काढली, आणि वर्षाला मोजकीच चित्रं केली. कोटी ते गेल्यावर आले. मी त्यांची दोन चित्रं समोर उभं राहून पाहिली आहेत. काय दिसतं ते मलाही सांगता येणार नाही, पण लगेच हलता येत नाही एवढं खरं.

आई, तुझ्यासाठी वेगळी यादी. अमोल पालेकर जेजेत चित्रकला शिकले. नाना पाटेकर शेजारच्या उपयोजित कलेतले. फाळके १८८५ साली इथे दाखल झाले, सिनेमाच्या कितीतरी आधी. आणि तुझ्या कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजे भानू अथैय्या, 'गांधी'च्या कपड्यांसाठी १९८३ ला ऑस्कर घेणाऱ्या, त्याही जेजेच्याच. चित्रकार होत्या आधी. तू म्हणतेस ना, नऊवारीची नेमकी पडण चित्र काढणाऱ्यालाच कळते.

आणि आर. के. लक्ष्मण? ते या यादीत नाहीत, कारण जेजेने त्यांना घेतलंच नाही. प्रवेशासाठी लागणारी गुणवत्ता चित्रांत दिसत नाही, असं कळवलं होतं. तुमचा एखादा विद्यार्थी नापास होऊन रडत आला की हे त्याला सांगायचात. त्यातला एकही पुढे लक्ष्मण झाला नाही, पण रडं थांबायचं.

आता बघा, त्या दोन रकान्यांत एक नाव नव्हतंच. शंकर पळशीकर. भंडाऱ्याकडचे, जेजेतच शिकले, जेजेतच शिकवलं, १९६८ ते ७५ अधिष्ठाता. तय्यब मेहता, बरवे, कोलते, तिथे शिकलेल्या ज्या त्या चित्रकाराने त्यांचं नाव घेतलंय. कोलत्यांनी तर पुढे स्वतःही तिथेच वर्ग चालवले. पळशीकरांची चित्रं तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरी कॅलेंडरवर आली नाहीत आणि कोटीतही फारशी मोजली गेली नाहीत. तुम्हाला नाव माहीत नव्हतं असं नाही. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणालात, "ते मास्तर ना." जसं काही त्याने विषय संपला.

हे मला मंगळवारी त्या दारात उभं असताना आठवलं, आणि खरं सांगू, थोडा रागच आला तुमचा.

तुमच्या हातून कोण घडला विचारता? आपल्या आळीतल्या गणपतीच्या शाळेत जो मूर्तींचे डोळे रंगवून उघडतो, तो तुमचा. दरवर्षी चतुर्थीच्या आधल्या रात्री बारा वाजता कंदील, हल्ली मोबाइलची बॅटरी, घेऊन तुम्हाला न्यायला येतो आणि तुम्ही एका डोळ्याने नीट दिसत नसताना नुसतं "उजवो वायच खाली" म्हणता. दशावताराचे पडदे रंगवणारा तुमचा. एसटी स्टँडसमोरच्या पाट्यांवरची अक्षरं सरळ उभी आहेत ती ज्याच्यामुळे, तोही. दोघं उपयोजित कलेला गेले, त्यातला एक जाहिरातीत आहे, मला ठाण्याला भेटला होता. म्हणाला, सरांनी लावलेली सवय जात नाही, कुठेही पाटी दिसली की आधी दोन अक्षरांमधली जागा मोजतो. आणि मी बँकेत कर्जाचे कागद तपासते. पण त्या मुलीने कानाची पाळी कुठे चुकवली होती ते मला कळलं, बाबा. तिलाही पाच मिनिटांनी कळलं. तिने भाकरीच्या तुकड्याने पुसून पुन्हा काढली.

ग्रिफिथ्स साहेबाने १८७२ पासून हिवाळ्यामागून हिवाळे जेजेची मुलं अजिंठ्याला नेऊन चित्रांच्या नकला करून घेतल्या, हे तुम्ही सांगत होतात. पेस्तनजी बोमनजींचं नाव राहिलं. बाकी मुलांची नावं मला कुणी सांगू शकेल का म्हणून तिथल्या एका शिक्षिकेला विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "नकलासुद्धा बऱ्याचशा लंडनला १८८५ च्या आगीत गेल्या." मग मला चहा दिला. तुम्ही ड्रॉइंगचे शिक्षक म्हटल्यावर दुसरा कपही दिला.

तर समारंभाला जा. भाषण नको असेल तर तो पुठ्ठा घेऊन जा, अडगळीच्या माळ्यावर रेशनच्या डब्यामागे आहे, गेल्या मे महिन्यात मी पाहिला. खालच्या कोपऱ्यात बोटभर जागा रिकामी आहे. पळशीकर तिथे बसतात, मी अंगठ्याने मोजलंय. ब्रश धरवत नसेल तर गणपतीवाल्याकडून लिहून घ्या, 'ळ' मात्र समोर बसून काढून घ्या.

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख इथल्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली दिली आहे. कोकणकन्येचं रिझर्व्हेशन मी करते. आई, दर वेळी उतरता तसं ठाण्याला उतरू नका, सामान कितीही असलं तरी. थेट सीएसएमटीपर्यंत या, मी फलाटावर येते. गाडी उजाडता उजाडता पोचते, तेव्हा बाहेर येऊन चहा घेऊ आणि थोडं थांबू. स्टेशनच्या भिंतीवरची ती पानं, मोर, माकडं जेजेच्या मुलांनी घडवलेली आहेत. आत्ता बाबांना ती धूसरच दिसतील. ऑपरेशन झालं की जाताना पुन्हा तिथेच उभं करीन, मग काय फरक पडला ते त्यांनी सांगायचं.

येताना आमसुलं आणा, आणि तांदळाचं पीठ इथे मिळतं, ते नको.

तुमची,
बायो