कोल्हापुरीचा टॅन रंग बाभळीच्या सालीतला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरी चपलांच्या जाहिरातींत हल्ली 'टॅन' हा शब्द काळा, मरून यांच्या पंक्तीत छापलेला असतो. त्यामुळे तो वरून लावलेला रंग आहे असा समज होतो, आणि दोन्ही चपलांची छटा तंतोतंत जुळली नाही की जोड परत येतो. कारागिरावर हा अन्याय आहे.

इंग्रजीत 'टॅन' म्हणजे मुळात चामडे कमावणे. कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. साल तांबूस झाक देते, हिरडा पिवळसर. कातडे आधी चुन्याच्या पाण्यात ठेवून केस आणि मांस खरवडतात. पुढची धुलाई सगळ्यांत महत्त्वाची: चुना राहिला तर सालीच्या पाण्यात तिथे काळपट डाग उमटतात आणि चामडे पुढे तडकते. सालीचे पाणीही सुरुवातीला पातळच हवे. पहिल्याच दिवशी कडक पाणी दिले की वरचा थर आवळतो, सालीतला कमावणारा कस आत पोचत नाही, आणि कापल्यावर मधोमध कच्ची फिकट रेघ दिसते. या कामाला महिना-दीड महिना लागतो. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावणे एखाद्या दिवसात उरकते. ते चामडे निळसर निघते आणि त्यावर टॅन रंग चढवतात.

ओळखायचे असेल तर पट्ट्याची कापलेली कड पाहावी. सालीचे चामडे आतपर्यंत तपकिरी असते, क्रोमचे बहुधा मध्ये राखाडी-निळे. कड रंगवलेली असेल तर दुकानदाराला सरळ विचारावे.

सालीचा कस आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की निळे-काळे डाग पडतात, ते सहसा जात नाहीत. म्हणून भिजलेली चपल लोखंडी मांडणीवर ठेवू नये. (चामड्याच्या वादीने शिवलेल्या चपलेत खिळाच नसतो, ही जुनी रीत किती विचाराची आहे!) सावलीत वाळवावी, उन्हात ती आकसते. मग फडक्याने एरंडेलाचा अगदी पातळ हात द्यावा. रंग गडद होईल, तो व्हायचाच. तेल जास्त झाले तर मात्र चामडे लिबलिबीत होते, धूळ धरते.

महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना 2019 मध्ये या चपलेसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. विक्रेत्यांनी आता रंगाच्या नावाशेजारी 'साल-हिरड्याने कमावलेले' की 'क्रोमचे' एवढे तरी छापावे.

आपला,
चामड्याच्या कामातील एक वाचक, कोल्हापूर