शिकवायला रुग्णच हवा, पण मोकाट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत दीर्घकालीन आजारांवर लेख आला होता. त्यावरचे एका वाचकांचे पत्र गेल्या आठवड्यात वाचले. आजार सांभाळत रोजचे जगायचे कसे, याचे वर्ग रुग्णांनीच रुग्णांसाठी घ्यायचे म्हणजे अर्धवट ज्ञानाला उत्तेजन, असा त्यांचा आक्षेप. भीती अगदीच बिनबुडाची नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मला संधिवात जडून चौदा वर्षे झाली. अशाच एका वर्गात मी सहा आठवडे शिकले आणि गेली चार वर्षे तोच वर्ग घेते आहे.

आधी हिशेब मांडू. वर्षाचे तास ८७६०. मी दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवते. खेपेला पंधरा मिनिटे धरली, तर वर्षाकाठी एक तास झाला. उरलेले ८७५९ तास आजार आणि मी. सकाळी तासभर बोटे मिटत नाहीत, तेव्हा दात घासायचे कसे, हे ना रिपोर्टात लिहिलेले असते ना गोळ्यांच्या पाकिटावर. डॉक्टरांना बोल लावत नाही, त्यांनी तरी काय काय सांगावे? ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा, म्हणजे मूठ घट्ट आवळावी लागत नाही, ही युक्ती मला वर्गातल्या एका निवृत्त गृहस्थांनी सांगितली. त्यांना संधिवात नव्हता, कंपवात होता.

अशा वर्गात मधुमेही, दमेकरी, हृदयरोगी, सांधे धरलेले सगळे एकत्र बसतात. मला आधी हे विचित्र वाटले होते. पण थकवा, दुखणे, झोप उडणे, मन खचणे आणि घरच्यांना ‘आज मला जमणार नाही’ हे सांगायची चोरी, यांना रोगाचे नाव नसते.

हे कुणा हौशी मंडळाचे खूळही नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग आणि डॉ. हॉलस्टेड होल्मन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी अशा वर्गांचे काम सुरू केले. पुढे सर्वच दीर्घकालीन आजारांसाठी त्याचा साचा ठरला : सहा आठवडे, दर आठवड्याला अडीच तास, दहा-पंधरा माणसे आणि शिकवायला प्रशिक्षण घेतलेले दोघे. आरोग्यक्षेत्रातल्या व्यावसायिकांनी घेतलेले वर्ग आणि सामान्य माणसांनी घेतलेले वर्ग लॉरिगबाईंनी ताडूनही पाहिले. त्याचा अहवाल १९८६चा आहे. माहिती जास्त मिळाली ती व्यावसायिकांच्या वर्गात. अंग सैल सोडण्याचे व्यायाम मात्र सामान्यांच्या वर्गातल्या लोकांनी जास्त केले. पत्रलेखकांनी हे जरूर लक्षात घ्यावे, कारण माहिती आम्हा जुन्या रुग्णांकडे पोतेभर असते. अडते ते करण्यापाशी.

म्हणून वर्गाचा खरा गाभा म्हणजे आठवड्याचा बेत. एक प्रसंग सांगते. एक बाई म्हणाल्या, ‘रोज अर्धा तास चालीन.’ ठरलेला प्रश्न मी विचारला, ‘जमेल याची खात्री दहापैकी किती?’ त्या जरा थांबल्या. ‘चार.’ सातच्या खाली आकडा आला की बेत बदलायचा, हा नियम. अडचण कुठे आहे? रोज जमणार नाही. मग आठवड्यातून किती वेळा? तीनदा. अर्धा तास? छे, गुडघा दहा मिनिटांतच बोलायला लागतो. मग दहा मिनिटे, तीनदा, संध्याकाळी. आता किती? ‘आठ!’ पुढच्या आठवड्यात त्या चारदा चालून आल्या होत्या आणि तो चौथा दिवस त्यांनी तीन वेळा बोलून दाखवला. आम्ही तिन्ही वेळा ऐकला. हाच प्रश्न पांढऱ्या कोटातल्या माणसाने विचारला असता, तर त्या ‘दहा’ म्हणाल्या असत्या. मीसुद्धा दवाखान्यात वर्षानुवर्षे ‘हो, व्यायाम करते’ असेच सांगत आले आहे.

आता त्या भीतीबद्दल. पहिल्याच वर्षी माझ्या हातून चूक झाली. एका सहभागी बाईंचे सांधे फार सुजले होते. मी बोलून गेले, ‘मला एकदा डॉक्टरांनी दोन दिवस स्टेरॉईड वाढवून दिलं होतं.’ त्या लगेच वहीत लिहायला लागल्या. माझ्या जोडीदारणीने तिथल्या तिथे मला थांबवले : ‘औषधाचं डॉक्टरांशी. त्यांना काय विचारायचं ते आत्ता लिहून काढू.’ मला तेव्हा राग आला होता, कबूल करते. पण शिकवायला दोघे का लागतात आणि छापील टिपण सोडून बोलायचे का नाही, हे त्या दिवशी कळले. धोका शिकवणारा रुग्ण आहे यात नाही, तो त्याला मोकाट सोडण्यात आहे. हाताशी टिपण नाही, सोबत जोडीदार नाही आणि नुसते ‘मी कसा बरा झालो’चे कीर्तन चालले आहे, असा वर्ग दिसला तर मीही आधी बंद करायला सांगेन.

फार मोठी आश्वासनेही कुणी देऊ नयेत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २००२च्या सुमारास ही पद्धत देशभर नेली आणि तिची रीतसर चाचणी केली. २००७ साली निष्कर्ष आले. लोकांचा स्वतःवरचा भरवसा वाढला, अंगातला जोमही थोडा वाढला, पण दवाखान्याच्या नेहमीच्या फेऱ्या काही लक्षणीय कमी झाल्या नाहीत. तेव्हा खर्च वाचेल या आशेने कुणी हे वर्ग काढणार असेल, तर त्याची निराशा ठरलेली. आणि मला विचाराल तर फेऱ्या कमी व्हाव्यात तरी कशाला? मी आता प्रश्न लिहून नेते. पंधरा मिनिटे तेवढीच असतात, पण पूर्वी त्यातली दहा आठवण्यात जायची.

रुग्णालय चालवणाऱ्यांपैकी कुणी हे पत्र वाचत असेल, तर एवढेच मागते : आठवड्यातून एकदा अडीच तास एखादी खोली द्या. ती तळमजल्यावर असावी, स्वच्छतागृह जवळ असावे आणि खुर्च्यांना हात असावेत. बिनहाताच्या खुर्चीत बसलेल्या संधिवातवाल्याला उठवायला दोन माणसे लागतात आणि त्या दोघांपैकी एकाची कंबर धरलेली असते.

आपली नम्र,
एक वाचक