औंधला तासभर पुरत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सातारा जिल्ह्यातल्या एका दिवसाच्या सहलींची यादी आली होती. कास, ठोसेघर, सज्जनगड, वाई-मेणवली यांना भरपूर जागा मिळाली, त्याचा आनंद आहे. औंधच्या वाट्याला मात्र दोनच ओळी आल्या, त्याही यमाईचं दर्शन घ्यायला तासभर पुरे अशा अर्थाच्या. ते वाचून मन खट्टू झालं, म्हणून हे पत्र.

तासाभराचं औंध मी स्वतः अनुभवलं आहे. दोन वर्षांपूर्वी एका सहल कंपनीच्या बसमधून आम्ही पाच-सहा निवृत्त शिक्षिका गेलो होतो. डोंगरावर दर्शन झालं, खाली येताना संग्रहालयाचं दार दिसलं, आणि गाडीवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. पुढे आणखी दोन देवस्थानं करायची होती. दारापर्यंत जाऊन परत फिरले, ते डोक्यात राहिलं. म्हणून गेल्या महिन्यात आठवीतल्या नातीला घेऊन मुद्दाम फक्त औंधला गेले.

साताऱ्याहून कोरेगाव, रहिमतपूर करत गेलं की औंध येतं. सकाळी लवकर निघावं म्हणजे डोंगर उन्हाच्या आत चढून होतो. वर गाडीरस्ता आहे, पण पायऱ्यांनी जावं. देवळाभोवतीची तटबंदी किल्ल्यासारखी आहे. आत काळ्या पाषाणाची यमाई. रामाने तिला 'ये माई' अशी हाक मारली म्हणून यमाई, असं इथली माणसं सांगतात. तटावरून खाली खटावचा माळ पसरलेला दिसतो. पावसाने कायम हात आखडता घेतलेला हा मुलूख आहे. या माळावरच्या एवढ्याशा गावात पुढे जे पाहायला मिळतं, त्याचं नवल वर उभं राहिल्यावर जास्तच वाटतं.

डोंगराच्या अंगावरच श्रीभवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभं केलं. राजे स्वतः चित्रकार. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी पैशाची मदत केलीच, शिवाय तिच्यासाठी चित्रंही काढली. संग्रहालयात राजा रविवर्मा आणि धुरंधर या चित्रकारांची चित्रं आहेत, हस्तिदंताचं नाजूक काम आहे. आणि एका जागी हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराची दगडातली आई आणि तिचं मूल आहे. नातीला हे नाव चित्रकलेच्या सरांकडून माहीत होतं. ती त्या शिल्पापुढे थांबली, एका बाजूने गेली, दुसऱ्या बाजूने आली, मग माझा पदर ओढून हळूच म्हणाली, "आजी, हे खरंखुरं त्यांचंच आहे? इथं?" हो, खरंखुरं त्यांचंच, आणि खटाव तालुक्यात. आम्ही दोन तास आत होतो, तरी शेवटची दालनं घाईतच झाली.

दुपारी एका घरगुती खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली आणि गावातल्या देवळात, वाड्यासमोर, त्या उंच दीपमाळेच्या सावलीला बसलो. तिथे मी नातीला माझ्या आईची गोष्ट सांगितली.

माझं आजोळ औंध संस्थानातलं, आटपाडीकडचं. संस्थान ७२ गावांचं, तेही सलग नाही. आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. बाळासाहेबांना सूर्यनमस्काराचा ध्यास होता, संस्थानातल्या शाळांत मुलामुलींना नमस्कार घालावेच लागत. आई ऐंशीची झाली तरी पहाटे अंथरुणावर बसून 'ॐ ह्रां मित्राय नमः'पासून बाराही नावं म्हणायची. शरीर वाकत नव्हतं, पण क्रम कधी चुकला नाही.

जानेवारी १९३९ मध्ये या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार झाली. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनियर आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत त्या कामात होते. गावोगाव निवडलेल्या पंचायती आल्या, कारभार त्यांच्याकडे गेला. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा आठ वर्षं होती. मत द्यायचं तर लिहिता-वाचता यायला हवं, अशी अट होती. माझे आजोबा तेव्हा चाळिशीचे, अक्षरशत्रू. आई तिसरीत. दिवसभर रान करून आलेले आजोबा रात्री कंदिलाशी बसून आईच्या पाटीवर नाव गिरवायचे. जोडाक्षर जमेना, पेन्सिल मोडायची, आणि आई त्यांचा हात धरून पुन्हा गिरवून घ्यायची. ही आठवण सांगताना आईच्या आवाजात जो अभिमान असायचा, तो माझ्या कानात अजून आहे.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथे कैद्यांची खुली वसाहत झाली. 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्या प्रयोगावरून सुचला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण तो प्रयोग औंधचा, हे फार थोड्यांना. तसंच किर्लोस्करवाडीचं. बेळगावातून उठावं लागलेल्या उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कुंडलजवळ जागा दिली ती याच राजाने. तेव्हा तिथे निवडुंगाचं रान होतं. पंडित सातवळेकरांचं वेद छापणारं स्वाध्याय मंडळही कित्येक वर्षं औंधातच होतं. साने गुरुजी विद्यार्थीदशेत इथे उपाशीतापाशी शिकले, गदिमाही इथल्या शाळेत होते. गायक अंतुबुवा जोशींच्या घराण्याने सुरू ठेवलेला संगीत महोत्सव आजही दरवर्षी भरतो, आणि गावकरी त्याला आपल्या घरचं कार्य समजतात.

नातीने हे सगळं ऐकून एकच विचारलं, "मग राजा राहायचा कुठे?" मी समोरच्या वाड्याकडे बोट दाखवलं. ती बराच वेळ तिकडे बघत होती.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. नागरिकशास्त्राच्या तासाला ग्रामपंचायत शिकवताना दरवर्षी फळ्यावर तीच आकृती काढली आणि एकदाही मुलांना औंधला नेलं नाही. सहल म्हणजे महाबळेश्वर किंवा पाण्याचे खेळ, हे आम्हीच ठरवून टाकलं होतं. याची मला आता मनापासून खंत वाटते. शाळांच्या सहलींचे दिवस दिवाळीनंतर सुरू होतील. माझ्या माजी सहकाऱ्यांना विनंती आहे की, एक बस औंधला न्या. संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, आणि गावातल्या एखाद्या जुन्या जाणत्याला मुलांशी बोलायला बसवा. ती माणसं आनंदाने बोलतात. आमच्याशी दीपमाळेपाशी एक आजोबा अर्धा तास बोलले आणि निघताना नातीच्या हातात चार बोरं ठेवली.

आणि आपल्याला विनंती आहे की, ही यादी पुन्हा छापाल तेव्हा औंधपुढचा तो 'तासभर' काढून तिथे 'पूर्ण दिवस' लिहावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा