शनिवारच्या त्या सगळ्यांचे आभार

१८३१ मध्ये नगरला आलेल्या पहिल्या मिशनऱ्यांकडे ना लॅपटॉप होता, ना ओटीपी. शनिवारी मला त्यांचा फार हेवा वाटला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात माऊस घेऊन मी उभी! संध्याकाळच्या प्रार्थनासभेला चाळीस माणसं जेवायला होती. चार किलो तांदूळ भिजत पडलेले आणि लॅपटॉप मात्र 'अपडेट होत आहे' म्हणून तासभर गोल फिरत बसलेला. त्यात परगावच्या मंडळींना आमचा आवाजच जाईना. ह्यांनी सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या (त्यानंतर प्रिंटरही गेला).

वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुला, तू आलास आणि फक्त म्यूट काढलंस. हसला नाहीस, त्याबद्दल वेगळे आभार. तोवर माझी मटकी खाली लागली होती. न सांगता दुसरी उसळ फोडणीला टाकणाऱ्या शेजारच्या वहिनी, आणि भाताचं पातेलं मांडीत धरून चर्चपर्यंत आणणारे रिक्षावाले दादा, तुमचेही मनापासून आभार. दादा, तुम्ही जेवायला थांबला नाहीत. तुमचा डबा अजून माझ्याकडे देणं आहे.