उणे पंचवीस हजार दोनशे सोळा : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर नोटीस निघेल ती तासिका तत्त्वावरच्या आमच्या सरांना, आणि त्यांचा यात काडीचाही दोष नाही. आपल्यामागे कामं खूप असतात हे मला कळतं. तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचावं, एवढी विनंती.

गेल्या मंगळवारी आमचं कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल झालं. सेमिस्टरची परीक्षा. मी चिठ्ठी उचलली, त्यात होतं : दिलेल्या संख्येचं फॅक्टोरियल काढा, म्हणजे एकपासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार. मला आनंद झाला, कारण हा प्रोग्रॅम मला झोपेतही लिहिता येतो. मी तो टाइप केला, चालवला, पाच टाकले, १२० आले. बाहेरून आलेले परीक्षक मागे उभे होते. म्हणाले, दुसरी संख्या टाक. मी आठ टाकले. काळ्या स्क्रीनवर उत्तर उमटलं : उणे २५२१६.

मी पुन्हा आठ टाकले. पुन्हा तेच. माझे हात थरथरायला लागले. परीक्षक म्हणाले, "फॅक्टोरियल कधी उणे येतं का? लॉजिकच चुकलंय तुझं." मी सांगायला गेले की सर, लॉजिक बरोबर आहे, पाचाला बरोबर आलं ना. ते पुढच्या मशीनकडे गेले होते. मग तोंडी परीक्षेत त्यांनी इंग्रजीतून डेटा टाइपची, म्हणजे मशीनमध्ये माहिती कुठल्या प्रकारच्या जागेत ठेवायची त्याची, व्याख्या विचारली. मला ती मराठीत येत होती. मराठीत सांगू का विचारलं तर त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. वीसपैकी सहा मार्क. नापास.

रात्री मी लायब्ररीचं पुस्तक काढून बसले. आमच्या लॅबमध्ये टर्बो सी आहे, म्हणजे सी भाषेतले प्रोग्रॅम चालवायचा कंपायलर, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. माझ्या जन्माच्या आधीचा. त्यात पूर्णांक ठेवायच्या 'इंट' या प्रकाराला फक्त १६ बिट, म्हणजे शून्य किंवा एकाची १६ घरं मिळतात, म्हणजे त्यात उणे ३२७६८ पासून ३२७६७ पर्यंतचाच आकडा मावतो. साताचं फॅक्टोरियल ५०४०, ते मावतं. आठाचं ४०३२०, ते मावत नाही. मग मीटरचा काटा गरकन फिरून उलट्या बाजूला यावा तसं होतं. १६ बिटांत एकूण ६५५३६ आकडे बसतात, म्हणून ४०३२० मधून ६५५३६ वजा करा. जर्नलच्या शेवटच्या पानावर मी पेन्सिलीने वजाबाकी मांडली. उणे २५२१६. शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत.

माझं लॉजिक चुकलं नव्हतं, साहेब. मशीनही चुकलं नव्हतं. 'इंट'च्या जागी 'लाँग', म्हणजे जास्त बिटांचा प्रकार, लिहिलं असतं तर त्याच मशीनवर बारापर्यंतची उत्तरं बरोबर आली असती. एका शब्दाचा फरक. तो शब्द मला कुणी सांगितला नाही, कारण आमच्याकडे पाचाच्या पुढे कधी कुणी गेलंच नाही.

का गेलं नाही, ते सांगते.

आमच्या लॅबमध्ये वीस कॉम्प्युटर आहेत. चालू आहेत सात. वर्गात आम्ही ६४, म्हणजे ३२ जणांची एक बॅच आणि एका मशीनवर चार-पाच जण. खुर्ची एक. कीबोर्ड ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याच्या हाती, कारण त्याचं पटकन होतं आणि सगळ्यांनाच घाई असते. बाकीचे मागून बघतात. मी हिशेब ठेवला आहे. अख्ख्या सेमिस्टरमध्ये माझी बोटं कीबोर्डवर चार वेळा पडली. पाचवी वेळ परीक्षेची.

मग शिकतो कुठे? जर्नलमध्ये. उजव्या पानावर प्रोग्रॅम, पेनाने. डाव्या कोऱ्या पानावर आउटपुट, पेन्सिलीने. आउटपुट म्हणजे मशीनने दिलेलं उत्तर ना? आम्ही ते मागच्या वर्षीच्या ताईच्या जर्नलमधून उतरवतो. तिने तिच्या आधीच्या दादाच्या जर्नलमधून उतरवलेलं असतं. सगळ्यांच्या जर्नलमध्ये संख्या पाच आणि उत्तर १२०. सगळ्या जर्नलांवर सही आणि शिक्का. माझ्याही जर्नलवर आहे. न चालवलेल्या प्रोग्रॅमचं उत्तर हाताने लिहायचं आणि त्यावर सही घ्यायची, याला आपण कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणतो. मला याची लाज वाटते, आणि ही लाज मी एकटीनेच का बाळगायची?

आमचे सर मन लावून शिकवतात. पण ते आणखी दोन कॉलेजांवर तास घेतात, मोटरसायकलवरून पळतात, आणि त्यांचं मानधन महिनोन् महिने येत नाही. एकदा तास संपल्यावर मी शंका विचारायला थांबले. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "बेटा, उद्या सांगतो," आणि खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन करून त्यांनी सांगितलं. अशा माणसाला तासावर मोजून पैसे देता आणि तेही वेळेवर देत नाही. भरती का होत नाही? मी बारावीत असताना भरती होणार असं ऐकत होते. माझा मामेभाऊ सेट, म्हणजे प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा, पास होऊन बसला आहे, तोही तेच ऐकतो. आता तो पपईच्या बागेत मजुरांचा हिशेब लिहितो.

आमच्या धडगावच्या बाजूच्या मुली हॉस्टेलवर राहतात, त्यांना निदान लॅब उघडी असली तर बसता येतं. आम्ही गावाकडच्या मुली एसटीच्या. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते, माझी आई तर दर वेळी तिकीट हातात घेऊन दोनदा बघते. पण आमची शेवटची गाडी साडेचारला सुटते आणि दुसऱ्या बॅचचं प्रॅक्टिकल चार ते सहा. वेळापत्रक लावणाऱ्याने एसटीचं वेळापत्रक कधी बघितलं का?

जुलैमध्ये कॉलेजात कार्यक्रम झाला. मंचावरच्या पाहुण्यांनी माइकवर शब्द दिला की दिवाळीनंतर या लॅबमध्ये चाळीस नवे कॉम्प्युटर येतील. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते, माझे तळहात लाल झाले होते. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. लॅबच्या दारावर त्या कार्यक्रमाचा फ्लेक्स अजून लटकतोय आणि आत धुळीचे तेरा डबे आहेत. आम्ही प्रत्येकी ८०० रुपये लॅब फी भरली. ६४ गुणिले ८०० म्हणजे ५१,२००, एका वर्गाचे, एका वर्षाचे. कॉलेजात तर किती वर्ग आहेत! ते पैसे कुठे जातात हे मी ऑफिसात विचारलं तर मला सांगितलं, आधी अर्ज दे. अर्ज दिला. पोच मिळाली नाही.

साहेब, मी कॉम्प्युटर का घेतला ते सांगू का?

माझी आई मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, कामाला जाते. ओल्या लाल मिरचीचे देठ खुडायचं काम. संध्याकाळी घरी येते तेव्हा हातांची आग आग होत असते, ती बराच वेळ तेल चोळत बसते. त्या मिरचीने तिच्या बोटांच्या रेषाच पुसल्या. रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही. मी पाचवीत होते तेव्हापासून बघते आहे, ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा ठेवते, मशीन नाही म्हणतं, मागची रांग चुळबुळ करते. घरी येऊन ती म्हणते, "मीच मी नही असं म्हनस ते." कॉम्प्युटर आमच्या घरात पहिल्यांदा आला तो असा, माझ्या आईला नाकारणारं मशीन होऊन. ते नाही का म्हणतं, त्याच्या पोटात काय चालतं, हे मला शिकायचं होतं. एवढंच.

आणि हे कुठल्या जिल्ह्यात? देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान आले होते. मी तेव्हा तीन वर्षांची. साऱ्या देशात सगळ्यात आधी बोटांचे ठसे आमचे हवे होते. पंधरा वर्षांत ती बोटं कीबोर्डपर्यंत आणायला मात्र कुणाला सवड झाली नाही. २०१८ मध्ये आमचा जिल्हा केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत गेला, राज्यातले चारच जिल्हे त्यात आहेत. आकांक्षा कुणाची धरायची? माझी धरा. मला सातच्या ऐवजी वीस मशीन चालू हवीत.

नवीन शैक्षणिक धोरण २०२० आलं, कौशल्याचे विषय आले, श्रेयांक आले. कागदावर आम्ही सगळे कौशल्याचे झालो. पण कागदावर वाढवत नेलेली गोष्ट प्रत्यक्षात मावली पाहिजे ना? सोळा बिटांत चाळीस हजार कोंबले की उणे येतं, तसं तेच मशीन, तेच अर्धे मास्तर आणि त्यावर रोज नवा विषय कोंबला की आम्ही पण उणेच बाहेर पडतो. मग नोकरी देणारे म्हणतात खान्देशच्या पोरांना काही येत नाही. पुण्याला गेलेली आमच्या गावची मुलं पहिले सहा महिने पैसे भरून क्लास लावतात, जे आम्ही इथे पास झालो म्हणून शिक्का मिळवला तेच पुन्हा शिकायला. एका विषयासाठी बापाने दोनदा पैसे मोजायचे. निकाल मात्र दरवर्षी चांगला, कारण जर्नल सगळ्यांची पूर्ण असतात. तुम्हाला वर अहवाल जातो तो निकालाचा. सात मशीनचा अहवाल कुठे जातो?

सी भाषा डेनिस रिचीने बेल लॅब्जमध्ये १९७२ ला केली हे मला पाठ आहे, दोन मार्कांना येतं. ती मशीनवर कशी वागते याला आमच्याकडे मार्क नाहीत. मंगळवारी ती माझ्यासमोर खरी वागली, संपूर्ण सेमिस्टरमधला सगळ्यात मोठा धडा त्या एका उणे चिन्हात होता, आणि त्याच उत्तरावर लाल फुली मारली गेली. परीक्षकांनी पाच मिनिटं थांबून 'असं का आलं असेल?' एवढं विचारलं असतं तर तिथे उभे असलेले आम्ही आठ-दहा जण जन्मभर विसरलो नसतो. पण त्यांना त्या दिवशी ६४ जण उरकायचे होते. त्यांचाही मला राग येत नाही आता. मंगळवारी आला होता. मी एसटीत रडले. घरी आईने विचारलं, "काय व्हयनं वं, काब रडी राहिनी?" मी म्हटलं, मशीनने नाही म्हटलं. तिला लगेच कळलं. तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि मला जवळ घेतलं.

माझं मागणं फार मोठं नाही. ज्या कॉलेजात हा विषय आहे तिथे चालू मशीन किती, ते एकदा स्वतः माणूस पाठवून मोजा, कॉलेजकडून भरून आलेल्या फॉर्मवर जाऊ नका. टर्बो सी काढून टाकायला सांगा. जीसीसी हा कंपायलर १९८७ पासून फुकट आहे, जुन्या मशीनवरही लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकून चालतो, त्याला टेंडर लागत नाही. तोंडी परीक्षा मराठीत देऊ द्या. सरांचं मानधन महिन्याच्या महिन्याला द्या आणि रिकाम्या जागा भरा. प्रॅक्टिकल चारच्या आत संपवा. बाकी चाळीस मशीनचा शब्द ज्यांनी दिला त्यांचा त्यांना आठवेल तेव्हा आठवेल, मी वाट बघणं सोडलं आहे.

मला पुढच्या सेमिस्टरला हे प्रॅक्टिकल पुन्हा द्यायचं आहे. त्याची फी वेगळी. आईच्या पथारीवरच्या मजुरीतून ती भरून झाली आहे, पावती माझ्याजवळ आहे. त्या दिवशी चिठ्ठीत काहीही निघो, परीक्षकांची परवानगी घेऊन मी आधी फॅक्टोरियल चालवणार आहे, 'इंट' लावून, आणि आठच टाकणार आहे. मग ते उत्तर उणे का आलं ते मराठीत सांगणार आहे. तोपर्यंत निदान ते एक मशीन चालू राहील एवढं बघा.

आपली,
बी.एस्सी. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी
जि. नंदुरबार